रॅम वाढवली, तरी विंडोज ९८ ‘मेमरी अपुरी’ का म्हणतं?

दिवाळीच्या आधी ओळखीच्या एका छापखान्यातून फोन आला. एका शिक्षणसंस्थेची २००१ सालची स्मरणिका पुन्हा छापायची होती. फाइल पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममधली, मजकूर जुन्या मराठी फाँटातला, आणि ती धड उघडायची ती फक्त कोपऱ्यातल्या विंडोज ९८ च्या संगणकावर. तो फार हळू चालतो म्हणून मालकांनी पडून असलेल्या दुसऱ्या मशीनमधल्या रॅमच्या पट्ट्या काढून त्यात बसवल्या. २५६ एमबीची एकदम १ जीबी झाली. बटण दाबलं, ढगांचं चित्र आलं आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर उमटला. त्याचा अर्थ असा: विंडोज सुरू करण्यासाठी मेमरी अपुरी आहे, मेमरीत बसून राहिलेले प्रोग्रॅम बंद करा किंवा कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट या फाइलींतल्या अनावश्यक गोष्टी काढा, आणि संगणक पुन्हा सुरू करा.

“अहो, चौपट मेमरी घातली आणि हा म्हणतोय कमी पडते!” मालक फोनवर म्हणाले. पट्ट्या खराब निघाल्या अशी त्यांची खात्री झाली होती.

पट्ट्या उत्तम होत्या, आणि संगणकाचा संदेशही खरा होता. त्यातला ‘मेमरी’ हा शब्द मात्र आपण समजतो त्या अर्थाने आलेला नाही. हा फरक कळला की दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. तो कळला नाही तर माणूस रॅम बदलतो, मग मदरबोर्ड बदलतो, शेवटी हार्ड डिस्क फॉरमॅट करतो आणि वीस-पंचवीस वर्षांचं काम घालवून बसतो. हे होऊ नये म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण मेमरी म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर रॅमची पट्टी असते. संगणकाच्या लेखी मात्र यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे प्रत्यक्ष जागा, म्हणजे त्या पट्टीवरच्या चिपा. दुसरी म्हणजे त्या जागेला दिलेला पत्ता. प्रोग्रॅम कधीही थेट चिपेकडे जात नाही, तो पत्ता सांगतो. त्या पत्त्यावर प्रत्यक्षात कुठली चिप आहे, ते प्रोसेसर आणि विंडोज मिळून ठरवतात. विंडोज ९८ मध्ये पत्ता ३२ बिटांचा असतो, म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६. एका पत्त्यावर एक बाइट, म्हणून आपल्या भाषेत ४ जीबी. संगणकात १६ एमबी रॅम असो की १ जीबी, पत्ते तेवढेच राहतात.

या ४ जीबी पत्त्यांच्या विंडोज ९५, ९८ आणि एमई या तिन्ही भावंडांनी सारख्याच वाटण्या केल्या आहेत. अगदी खालचा छोटा तुकडा जुन्या डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून चालवायच्या व्यवस्थेचा. तिथून २ जीबीपर्यंतचा भाग प्रत्येक प्रोग्रॅमचा स्वतःचा. २ ते ३ जीबी हा सगळ्यांच्या सामाईक वापराचा. आणि सर्वांत वरचा, ३ ते ४ जीबीमधला १ जीबीचा पट्टा खुद्द सिस्टिमचा. विंडोजचा गाभा, सगळे ड्रायव्हर (म्हणजे संगणकाचे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम), ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याची जागा, उघडलेल्या प्रत्येक डॉस खिडकीसाठी लागणारी तरतूद, हे सारं या एका पट्ट्यात मावायला हवं. आपली अडचण इथेच आहे.

हा वरचा पट्टा म्हणजे १,०२४ आसनांची एक एसटी समजा. एक आसन म्हणजे एक एमबीचे पत्ते. गाडी फलाटाला लागली की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दार उघडायच्या आत कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. रुमाल टाकणारा एकटा असला तरी मागून घरची किती माणसं येणार त्या हिशेबाने तो आसनं अडवतो. ती माणसं येतील, न येतील, रुमाल मात्र पडलेला असतो आणि त्या आसनावर दुसरा कुणी बसत नाही.

विंडोज ९८ मध्ये हा रुमाल टाकणारा म्हणजे व्हीकॅश नावाचा ड्रायव्हर. त्याचं काम चांगलंच आहे. हार्ड डिस्क संथ असते, म्हणून नुकत्याच वाचलेल्या फाइलींचा मजकूर तो रॅममध्ये जपून ठेवतो, म्हणजे पुन्हा लागला तर लगेच देता येतो. या साठ्याला कॅश म्हणतात. सुरू होतानाच व्हीकॅश संगणकात किती रॅम आहे ते पाहतो आणि त्यावरून साठा जास्तीत जास्त केवढा वाढू शकेल ते ठरवतो. पुढे कधी खरोखरच तेवढा वाढला तर अडचण नको, म्हणून तेवढे सगळे पत्ते आधीच अडवून ठेवतो. रॅम जितकी जास्त, तितके रुमाल जास्त. ही मजल ८०० एमबीपर्यंत जाते.

आता हिशेब करा. १,०२४ आसनांपैकी ८०० वर व्हीकॅशचे रुमाल. एजीपी प्रकारचं ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याची ‘अ‍ॅपर्चर’ नावाची खिडकीही याच पट्ट्यात उघडते, आणि बायॉसमध्ये (म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ती १२८ एमबीची ठेवलेली असेल तर आणखी १२८ आसनं गेली. उरली ९६. एवढ्यात विंडोजचा गाभा, ध्वनी, नेटवर्क, प्रिंटर, डिस्क यांचे ड्रायव्हर, सगळे बसवायचे. चालक-वाहकालाच जागा उरली नाही तर गाडी सुटणार कशी? विंडोज थांबतं आणि सांगतं, मेमरी अपुरी. पत्ते संपलेले असतात, आणि मालकांनी नव्याने बसवलेल्या चिपा तिकडे जवळजवळ रिकाम्या पडलेल्या असतात.

ज्यांनी हे लिहिलं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विंडोज ९५ आलं ते ऑगस्ट १९९५ मध्ये, आणि त्याची किमान अट होती ४ एमबी रॅम. जून १९९८ मध्ये आलेल्या विंडोज ९८ ची १६ एमबी. ३२ किंवा ६४ एमबीच्या संगणकावर व्हीकॅशने कितीही मोकळ्या हाताने रुमाल टाकले तरी गाडी निम्म्याहून अधिक मोकळीच राहायची. रॅम ५१२ एमबीच्या पुढे जाऊ लागली तेव्हा हा प्रश्न वर आला. मायक्रोसॉफ्टने तो मान्य करून उपायही जाहीर केला, आणि तोच आजही लागू पडतो.

उपाय सोपा आहे: व्हीकॅशला सांगायचं की बाबा, रुमाल मोजकेच टाक. हे सांगायची जागा म्हणजे विंडोजच्या फोल्डरमधली सिस्टिम डॉट आयएनआय ही साधी मजकुराची फाइल.

विंडोज सुरूच होत नसेल तर त्या फाइलीपर्यंत पोचायचं कसं, इथे लोक अडतात. संगणक चालू करा, आणि बायॉसचा मजकूर संपून विंडोजचं चित्र येण्याच्या आत एफ ८ हे बटण दाबत राहा. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल बटण दाबून धरलं तरी चालतं. अंक घातलेली एक यादी येईल. त्यातला ‘कमांड प्रॉम्प्ट ओन्ली’ हा पर्याय निवडा. पुष्कळजण सवयीने सेफ मोड निवडतात, पण तिथेही अखेर विंडोजच सुरू होत असल्याने तोच अडथळा येऊ शकतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये फक्त डॉस चालू होतं, व्हीकॅशचा संबंधच येत नाही.

काळ्या पडद्यावर आधी विंडोजच्या फोल्डरमध्ये जा. मग पहिलं काम म्हणजे सिस्टिम डॉट आयएनआयची एक प्रत वेगळ्या नावाने काढून ठेवा. हे कृपा करून टाळू नका. एखादी ओळ चुकून पुसली गेली तर परत जायला रस्ता हवा. त्यानंतर ‘एडिट’ लिहून जागा सोडून फाइलीचं नाव दिलं की डॉसचा निळ्या पडद्याचा संपादक उघडतो.

फाइल वरून खाली वाचत जा. चौकटी कंसात विभागांची नावं दिसतील. त्यांत व्हीकॅश हे नाव शोधा. स्पेलिंग व्ही, सी, ए, सी, एच, ई. बहुतेक वेळा हा विभाग असतो आणि त्याखाली काहीच नसतं. विभागच नसेल तर फाइलीच्या शेवटी चौकटी कंसात तो लिहा. त्याखाली नवी ओळ घाला: मॅक्स, फाइल, कॅश हे तीन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडून, पुढे बरोबरचं चिन्ह, आणि पुढे इंग्रजी आकड्यांत संख्या. ही संख्या केबीमध्ये धरली जाते. ५१२ एमबीसाठी ५२४२८८ लिहायचं. मायक्रोसॉफ्टने सांगितलेली वरची मर्यादा हीच, ‘एवढी किंवा याहून कमी’. संख्येत स्वल्पविराम घालू नका, आणि ‘कॅश’चं स्पेलिंग पैशांच्या कॅशसारखं होत नाही ना तेही पाहा, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे, आणि तेव्हा विंडोज ती ओळ मुकाट्याने सोडून देतं.

माझा स्वतःचा सल्ला मर्यादेच्या बराच खाली राहण्याचा आहे. छापखान्यात, हिशेबाच्या कामात किंवा एखादं जुनं यंत्र चालवणाऱ्या संगणकावर १२८ एमबीचा साठा पुरून उरतो. त्यासाठी १३१०७२ लिहा. ग्राफिक्स कार्डाची अ‍ॅपर्चर मोठी असली, चार डॉस खिडक्या उघडायच्या असल्या, तरी गाडीत आसनं शिल्लक राहतात. कधी कधी विंडोज सुरू होतं, पण डॉस खिडकी उघडायला गेलं की ‘हा प्रोग्रॅम चालवायला पुरेशी मेमरी नाही’ असं म्हणतं. तो याच दुखण्याचा सौम्य प्रकार. तेव्हाही आकडा आणखी खाली आणायचा.

फाइल जतन करा, बाहेर पडा, संगणक बंद करून चालू करा. बहुतेकांचं काम इथे संपतं. त्या छापखान्यातही इथेच संपलं.

रॅम १ जीबीच्या पुढे असेल तर मात्र व्हीकॅशला आवरून भागत नाही. विंडोज ९८ आणि एमई १ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम हाताळण्यासाठी बनवलेलेच नाहीत, आणि दीड जीबीच्या वर काही संगणक तर सुरू होऊन पुन्हा पुन्हा आपोआप रीस्टार्ट होत राहतात. तिथे विंडोजला दिसणारी रॅमच कमी करावी लागते. त्याच सिस्टिम डॉट आयएनआयमध्ये ‘३८६ एन्ह’ नावाचा विभाग असतो. ३८६ या आकड्यापुढे ई, एन, एच. त्याखाली मॅक्स, फिज, पेज ही अक्षरं जोडून (फिजचं स्पेलिंग पी, एच, वाय, एस) बरोबरच्या चिन्हापुढे ३०००० लिहा. ही संख्या चमत्कारिक वाटेल, कारण ती आपल्या दशमान पद्धतीची नाही, सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीची आहे, आणि ती ४ केबीच्या पानांची संख्या सांगते. सोळाच्या पद्धतीतलं ३०००० म्हणजे आपलं १,९६,६०८. त्याला ४ केबीने गुणलं की बरोबर ७६८ एमबी येतात. २०००० लिहिलं तर ५१२ एमबी, ४०००० लिहिलं तर १ जीबी. मी ४०००० लिहायला सांगत नाही. काठावर उभं राहून मिळवायचं काय? ३०००० घाला आणि व्हीकॅशची ओळही सोबत राहू द्या.

विंडोज एकदा चालू झालं असेल तर हेच काम फाइल न उघडताही होतं. स्टार्टमधल्या ‘रन’मध्ये एमएसकॉन्फिग लिहा, पहिल्याच पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हे बटण आहे, त्यात ‘लिमिट मेमरी टू’ असा पर्याय. तिथे साध्या एमबीमध्ये आकडा भरायचा. आणि एवढं काहीच करायचं नसेल तर एक पट्टी काढून ठेवा. २५६ किंवा ५१२ एमबी रॅमवर विंडोज ९८ समाधानाने चालतं. त्याहून जास्त दिल्याने पेजमेकर वेगाने उघडेल ही अपेक्षा बहुधा फोल ठरते, कारण संथपणा असतो तो जुन्या हार्ड डिस्कचा.

आता बरेच लोक जुनं मशीन न ठेवता नव्या संगणकातच आभासी संगणक तयार करून त्यात विंडोज ९८ बसवतात. मला हा मार्ग आवडतो. पण तिथे सवयीने २ जीबी, ४ जीबी रॅम देऊन टाकली जाते, आणि इन्स्टॉलेशनचा पहिला टप्पा पार पडून पहिल्यांदा सुरू होताना हाच संदेश समोर येतो. सीडी खराब आहे असं वाटून लोक पुन्हा पुन्हा तेच करत बसतात. आभासी संगणकाच्या सेटिंगमध्ये रॅम २५६ एमबी करा. कुठलीही फाइल उघडावी लागणार नाही.

मग संदेशात कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅटचा उल्लेख कशाला? तो आधीच्या काळाचा वारसा आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यांसाठी २० तारा होत्या, म्हणजे एकूण पत्ते १ एमबीचे. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी आणि वरचे ३८४ केबी पडद्याची मेमरी, बायॉस वगैरेंसाठी, अशी वाटणी झाली. पुढे रॅम कितीही वाढली तरी डॉसचे प्रोग्रॅम त्या ६४० केबीतच नांदत राहिले. म्हणजे दुखणं तेव्हाही पत्त्यांचंच होतं. सीडी, माउस, ध्वनी, नेटवर्क यांचे डॉसचे ड्रायव्हर या दोन फाइलींतून चढतात आणि त्या ६४० केबीतून आपापला तुकडा घेतात. पुरेसं उरलं नाही तर विंडोजला पाय टेकायला जागा मिळत नाही.

तुमच्या संगणकात रॅम ५१२ एमबीहून कमी असूनही मेमरी अपुरीचा संदेश येत असेल, तर संशय इकडे वळवा. कमांड प्रॉम्प्टवर ‘मेम’ आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन सी लिहिलं की कुठला ड्रायव्हर किती जागा अडवतोय त्याची यादी मिळते. त्यात एमएससीडीईएक्स हा डॉसचा सीडीसाठीचा प्रोग्रॅम दिसला तर तो बहुधा नकोच आहे, कारण विंडोज ९८ सीडीसाठी स्वतःचा ड्रायव्हर आणतं. ओळ पुसू नका; तिच्या सुरुवातीला ‘रेम’ ही तीन अक्षरं आणि एक जागा घाला, म्हणजे संगणक ती वाचून सोडून देतो. एका वेळी एकच ओळ अशी झाकायची आणि सुरू करून पाहायचं. दहा ओळी एकदम झाकल्या तर दोषी कोण ते कधीच कळत नाही.

हायमेम डॉट सिस ही फाइल हरवल्याचा संदेश यांपेक्षा वेगळा. १ एमबीच्या वरच्या मेमरीचं दार ही फाइल उघडते, आणि तिच्याविना विंडोज पुढे सरकतच नाही. विंडोज ९८ तिला आपणहून बोलावतं, त्यामुळे ती विंडोजच्या फोल्डरमध्ये असली की पुरे. नसेल तर विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीवर असते, तिथून कॉपी करा. फाइल जागेवर असूनही खराब झाली असू शकते, तेव्हा ताजी प्रत टाकून पाहायला हरकत नाही.

आणि हो, पट्टी खरोखर खराब असण्याची शक्यता शेवटी उरतेच. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या पट्टीची सोनेरी टोकं काळवंडतात. वीजजोड काढून पट्टी बाहेर घ्या, टोकांवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि घट्ट बसवा. सुरू होताना बायॉस जो रॅमचा आकडा दाखवतं तो नीट वाचा. २५६ एमबीची पट्टी १२८ दाखवत असेल तर तीही खराब असेलच असं नाही. पेंटियम २ आणि ३ च्या काळात इंटेलचा ४४० बीएक्स हा चिपसेट फार चालायचा. त्याला जास्त दाट चिपांच्या पट्ट्या निम्म्याच दिसतात. दोन्ही बाजूंना आठ-आठ अशा सोळा चिपांची पट्टी त्याला चालते; एकाच बाजूला आठ चिपा असलेली २५६ एमबीची पट्टी अर्धीच मोजली जाते. जुन्या बाजारातून रॅम आणताना म्हणूनच चिपा मोजून घ्याव्यात.

छापखान्यातला तो संगणक सुरू झाला, स्मरणिकेची फाइल उघडली. मालक लगेच छपाईला लागणार होते, त्यांना मी थांबवलं. त्या फाइलीतला मजकूर युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांतला नाही. विंडोजमध्ये देवनागरीची व्यवस्था आली ती विंडोज २००० पासून. त्याआधी प्रत्येक मराठी फाँट बनवणाऱ्याने अक्षरांना स्वतःचे वेगळे संकेत दिले होते. त्यामुळे नुसती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या संगणकात उघडली तर ‘शाळा’ हा शब्द इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा होऊन दिसतो. फाइलीबरोबर तिच्यात वापरलेले नेमके फाँट घ्यावे लागतात, आणि त्याच संगणकावर पीडीएफ करता येत असेल तर ती आधी करून ठेवावी लागते. हार्ड डिस्कही त्याच वयाची आहे, ती उद्या फिरेलच याची हमी कोण देणार?

त्या दिवशी दुपारी आम्ही आधी फाँटांचं सगळं फोल्डर घेतलं, मग स्मरणिका, मग १९९९ पासूनच्या इतर फाइली. विंडोज ९८ मूळ रूपात पेन ड्राइव्ह ओळखत नाही, म्हणून हार्ड डिस्क काढून आयडीई ते यूएसबी जोडणीने नव्या संगणकाला लावली. तीन तास लागले. स्मरणिकेची पानं संध्याकाळी छपाईला गेली.